कार्ड नको म्हणायची सोय

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी बँकांना सविस्तर निर्देश दिले. त्यातलं एक कलम कुठल्याही शाखेच्या भिंतीवर लावलेलं मी अजून पाहिलेलं नाही. बँकेने ग्राहकावर डेबिट कार्डाची सक्ती करायची नाही आणि कार्डाची सांगड दुसऱ्या कुठल्या सेवेशी घालायची नाही, असं ते कलम सांगतं. शून्य शिल्लक खात्यांबाबत तर हा खुलासा वेगळाही केलेला आहे: खातेदाराला कार्ड, पिन आणि त्यातला धोका समजावून सांगा, पण त्याला कार्ड नकोच असेल तर गळ्यात मारू नका.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. खातं उघडायच्या फॉर्मवर कार्डाच्या चौकोनात बरोबरची खूण टेबलापलीकडच्या माणसानेच केलेली असते. "कार्ड नको होतं" म्हटलं की उत्तर येतं, "असू द्या हो, लागतंच." काही दिवसांनी पोस्टाने पाकीट येतं, ते कपाटात जातं. वर्षाने पासबुकात कार्डाच्या शुल्काची ओळ उमटते, ती कोणी वाचत नाही. त्यानंतर हा माणूस पैसे काढायला स्लिप घेऊन गेला की त्यालाच विचारतात, "कार्ड दिलंय ना तुम्हाला? मग एटीएमला जा की."

माझं म्हणणं असं: डेबिट कार्डाशिवाय रोजचा खर्च चालवणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. तो विचारपूर्वक निवडलेला, अनेकांसाठी जास्त सुरक्षित असा मार्ग आहे. तो मोकळा ठेवणं बँकांचं काम आहे, आणि त्यासाठी ग्राहकाकडून जादा पैसे, जादा वेळ किंवा जादा अपमान वसूल करायचा त्यांना काही अधिकार नाही.

कार्ड न वापरणारे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. पेन्शनर आहेत, ज्यांना एटीएमच्या काचेच्या खोलीत मागे कोण उभं आहे याची धास्ती वाटते. लाडकी बहीण योजनेच्या निमित्ताने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं खातं चालवू लागलेल्या बायका आहेत. कार्ड हरवलंय किंवा त्याची मुदत संपलीय आणि नवं आलेलं नाही असे अडकलेले लोक आहेत. आणि चांगली शिकलेली, फोनवरून सगळे व्यवहार करणारी मंडळीही आहेत, ज्यांचं कार्ड पाकिटात नुसतं झिजतं आहे. या शेवटच्यांची सोय आपोआप होते. प्रश्न पहिल्या तिघांचा आहे.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका सांगलीला राहतात. पेन्शन जमा झाली की चार-पाच दिवस गर्दी ओसरू देतात आणि मग पासबुक, चष्मा आणि स्वतःचं पेन घेऊन शाखेत जातात. (स्वतःचं पेन अशासाठी, की बँकेचं दोरीला बांधलेलं पेन एकतर उमटत नाही किंवा दोरी स्लिपपर्यंत पोचत नाही.) बारा हजारांची स्लिप भरतात आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहितात: शंभराच्या पन्नास, पन्नासाच्या चाळीस, बाकी पाचशेच्या. कॅशियर ओळखीचा आहे, कुरकुरतो आणि देतो. घरी आल्यावर त्या जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं काढतात. एकेकावर दूध, किराणा, औषध, लाइट-गॅस, कामाच्या बाई, आहेर, वरखर्च असं लिहिलेलं आहे. नोटा वाटल्या जातात. महिन्याच्या शेवटी वरखर्चाचं पाकीट रिकामं झालं तर औषधाच्या पाकिटातून पैसे घेतात आणि त्यात चिठ्ठी टाकतात, 'वरखर्च देणं दोनशे'. पुढच्या महिन्यात ते दोनशे आधी परत जातात, मग बाकीची वाटणी. त्या कुठल्याही अॅपशिवाय घराचं अंदाजपत्रक चालवतात, आणि माझ्या माहितीतल्या बऱ्याच आयटीवाल्यांपेक्षा त्यांचं महिन्याअखेरचं गणित जास्त जुळलेलं असतं.

त्यांच्या स्लिपमागच्या त्या पेन्सिलीच्या ओळीत एक गोष्ट दडलेली आहे. रोजच्या खर्चाला दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा लागतात आणि एटीएम बहुतेक वेळा पाचशेच्याच देतं. भाजीवालीला सकाळी आठ वाजता पाचशेची नोट दाखवून बघा, ती काय म्हणते. ही तक्रार इतकी सार्वत्रिक झाली, की रिझर्व्ह बँकेला एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं: सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत ७५ टक्के एटीएममध्ये आणि मार्च २०२६ अखेरपर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका खणातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. पन्नास आणि वीसबद्दल त्यात काही नाही. त्या नोटा हव्या असतील तर आजही काउंटरवर माणूसच लागतो.

रोखीचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. सुट्ट्याऐवजी हातावर टेकवलेली चॉकलेटं आपण सगळ्यांनी खाल्ली आहेत. दहा रुपयांचं नाणं चालत नाही ही अफवा रिझर्व्ह बँकेने खुलासे करूनही काही गावांत अजून जिवंत आहे. घरात रोख ठेवली की चोरीची भीती, आणि मागणाऱ्या नातेवाइकांची त्याहून जास्त. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात वीज गेली, नेटवर्क गेलं, एटीएम बंद पडली, तेव्हा दुधाच्या पिशवीला आणि पिण्याच्या पाण्याला नोटाच चालल्या. पूर हे अपवादाचं उदाहरण वाटत असेल तर २०२५ चं घ्या. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत यूपीआय देशभर तीनदा कोलमडलं. हॉटेलात जेवून बसलेल्या आणि खिशात दमडी नसलेल्या लोकांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे होते.

कार्डाशिवाय म्हणजे फक्त नोटा, असंही नाही. गंमत अशी, की यूपीआयने डेबिट कार्डाला दुकानातून जवळजवळ हद्दपार केलं, पण यूपीआयच्या दारावर राखण करायला बरीच वर्षं डेबिट कार्डच बसलेलं होतं. यूपीआय पिन तयार करायचा तर कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख द्यावी लागते. ज्याच्याकडे कार्ड नाही, तो दारातच अडला. नंतर आधारच्या ओटीपीवरून पिन ठरवायची सोय आली. खात्याला आणि आधारला एकच मोबाइल नंबर जोडलेला असेल आणि बँकेने ती सोय सुरू केलेली असेल, तर कार्डाची गरज उरत नाही. ही माहिती शाखेत कोणी आपण होऊन सांगत नाही. "फोनपे चालू करायचंय" म्हणून गेलेल्या बाईला आधी कार्डाचा अर्ज भरायला लावतात. साधा बटणांचा फोन असणाऱ्यांसाठी मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' आलं. फोन लावून पैसे पाठवायची ही व्यवस्था ज्यांच्यासाठी आणली, त्या लोकांतल्या किती जणांनी तिचं नाव तरी ऐकलंय, हे आपल्या गल्लीत विचारून बघा.

कार्ड न ठेवणाऱ्याने यूपीआय वापरायचंच असेल तर माझ्या मते एकच शहाणपणाची रीत आहे: दोन खाती. पगार, पेन्शन, ठेवीचं व्याज जिथे येतं ते खातं फोनला जोडायचंच नाही. दुसरं छोटं खातं खर्चाचं. त्यात दर आठवड्याला दोन-तीन हजार टाकायचे आणि क्यूआर कोडवरचा चहा, रिक्षा, भाजी त्यातून चालवायची. कोणी फसवून पिन काढून घेतला तरी जाऊन जाऊन जाणार किती? दुसरं खातं काढताना मात्र त्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारून घ्यावं, नाहीतर फसवणारा राहिला बाजूला, बँकच दंड कापेल. यूपीआय लाइटची सोयही आहे. त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका वेळी हजारापर्यंत पिनशिवाय देता येते. पिनशिवाय म्हणजे फोन उघडता येणाऱ्या कोणालाही देता येते, हे लक्षात ठेवून काय ती रक्कम ठेवावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डेबिट कार्डाची भलामण करणारे एक गोष्ट सांगत नाहीत: कार्ड आणि चार आकडी पिन ज्याच्या हातात, तो खातेदार. यंत्र माणसाला ओळखत नाही. कागदावर खातं बाईच्या नावाचं असतं, कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. आजोबांचं कार्ड पुतण्याकडे असतं, "त्यांना मशीन जमत नाही ना" म्हणून. कित्येक कार्डांच्या पाकिटावर पिन पेनाने लिहिलेला असतो. दारूच्या गुत्त्यावर उडालेली रक्कम बायकोच्या खात्यातून एटीएमने निघालेली असते आणि बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार शंभर टक्के खरा असतो, कारण कार्ड बरोबर आणि पिनही बरोबर. फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा एक चांगला नियम आहे. तिसऱ्याच कोणी, ग्राहकाची चूक नसताना, खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीच भार पडत नाही. पण घरातल्याच माणसाला पिन सांगितलेला असला तर या नियमाचा उपयोग शून्य.

स्लिपचं तसं नाही. पैसे काढायच्या स्लिपबरोबर पासबुक लागतं आणि खातेदार स्वतः समोर उभा राहावा लागतो. सही जुळावी लागते, सही येत नसेल तर अंगठा आणि फोटो. ही कटकट आहे, मान्य. पण हीच कटकट एखाद्या बाईचं संरक्षण करते. "बँकेत मलाच जावं लागतं, तुम्हाला देत नाहीत" हे वाक्य नवऱ्याला ऐकवता येणं ही तिच्यासाठी लहान गोष्ट नाही. रांगेत तासभर उभं राहून तिने काढलेले पंधराशे रुपये तिच्या हातात पडतात आणि काउंटरपासून घरापर्यंतच्या रस्त्यात त्यातल्या काहींचं काय करायचं ते ती ठरवते. तांदळाच्या डब्यात गेलेल्या शंभराच्या दोन नोटांची नोंद कुठल्याच पासबुकात होत नाही, फोनवर तिचा मेसेजही येत नाही. आर्थिक समावेशनावर भाषणं देणाऱ्यांनी या डब्याचाही विचार करावा.

ज्यांना शाखा लांब पडते ते गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात जातात. लोकांच्या भाषेत 'थंब द्यायला'. झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल, लॅपटॉप, बोटाचं यंत्र. आधार नंबर सांगायचा, बँकेचं नाव सांगायचं, अंगठा ठेवायचा. ना कार्ड, ना पिन, ना ओटीपी. एका वेळी साधारण दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. कार्डाशिवाय रोख काढायचा हा एक मोठा मार्ग आहे आणि तो आल्यामुळे कित्येकांची तालुक्याची फेरी वाचली, हे कबूल केलंच पाहिजे.

पण या टेबलाशी थोडा वेळ उभं राहून बघा. धुणीभांडी करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, बांधकामावर काम करणाऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा लागत नाही. मग दुकानदार सांगतो, "मावशी, हात धुऊन या." हात धुऊन, पदराला पुसून, बोट केसांवरून फिरवून पुन्हा ठेवतात. तिसऱ्यांदा तर्जनी, चौथ्यांदा दुसरा हात. एवढं करून मिळालेल्या पैशांतून हजारामागे दहा-वीस रुपये काही दुकानदार कापून घेतात. केंद्रवाल्याला त्याचं कमिशन बँकेकडून मिळतं, ग्राहकाकडून घ्यायची गरज नाही, हे मावशींना माहीत नसतं. पावती मागायची असते हेही माहीत नसतं. कधी एकदा अंगठा लागतो आणि दुकानदार म्हणतो, "फेल झालं, परत ठेवा." खरंच फेल झालं, की दोनदा पैसे निघाले, हे पासबुक भरून आणेपर्यंत कळायचा मार्ग नाही, कारण पुष्कळांच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा असतो किंवा कधीच बंद पडलेला.

याहून काळजीची गोष्ट म्हणजे अंगठ्याची नक्कल. खरेदीखताच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांच्या रबरी प्रती करून खाती रिकामी केल्याच्या घटना देशात उघडकीला आल्या आहेत. कार्ड हरवलं तर बदलून मिळतं, पिन फुटला तर नवा करता येतो. अंगठा कुठून बदलून आणणार? आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक कुलूपबंद करता येतं आणि गरजेपुरतं उघडता येतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी ते आजच करून टाकावं. पण अंगठ्याने पैसे काढायची सोय ज्याला खरी लागते, त्याच्याकडे स्मार्टफोन नसतो, हा यातला पेच आहे.

म्हणून फिरून शाखेच्या काउंटरवरच यावं लागतं, आणि नेमकं तेच काउंटर आकसत चाललंय. 'दहा हजारांखालील रक्कम एटीएममधून काढावी' अशा पाट्या मी एकाहून जास्त शाखांत पाहिल्या आहेत. त्या पाटीला कुठल्या परिपत्रकाचा आधार आहे, असं विचारलं की साहेब जेवायला गेलेले असतात. स्लिपची रक्कम ग्राहकाने ठरवायची की बँकेने? माझ्या खात्यातले माझे पाचशे रुपये मला काउंटरवर हवे असतील, तर ते का हवेत हे सांगायला मी बांधील नाही.

बँकांची बाजूही आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. काउंटरवरचा व्यवहार यंत्रावरच्या व्यवहारापेक्षा महाग पडतो, शाखांत माणसं कमी आहेत, योजनेचा हप्ता जमा झाला की रांग रस्त्यापर्यंत जाते. दोन कॅशियरच्या जागी एक बसलेला असतो आणि तोही दुपारनंतर वैतागलेला. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. पण बँकेला काउंटर महाग पडतं म्हणताना दुसऱ्या बाजूची बेरीजही मांडावी. स्टेट बँकेच्या साध्या कार्डाचं वार्षिक शुल्क एप्रिल २०२४ पासून १२५ वरून २०० रुपये झालं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६. जनधन खात्यावरचं रुपे कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, पण साध्या बचत खात्यावर महिना पंधराशे येणाऱ्या बाईला हे २३६ रुपये म्हणजे जवळपास पाच दिवसांची रक्कम. मोफत मर्यादेपलीकडे एटीएम वापरलं की मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत वेगळे. थोडक्यात, एटीएमवर ढकललेला ग्राहक बँकेला स्वस्त पडतो आणि ग्राहकाला बँक महाग पडते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते जमा झाले, तेव्हा किमान शिल्लक नाही म्हणून त्यातून दंड कापल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या, त्याही याच हिशेबात धरा.

रोखीला दंड लावायची पद्धत बँकांपुरती राहिलेली नाही. टोलनाक्यावर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग नसलेल्या गाडीला दुप्पट टोल लागू झाला. ते एक वेळ समजू शकतो, तिथे गाड्यांच्या रांगांचा प्रश्न होता आणि गाडीवाल्याला टॅग परवडतो. पण महावितरणने ऑगस्ट २०२३ पासून घरगुती वीजबिल रोखीने भरायला महिन्याला पाच हजारांची मर्यादा घातली, तेव्हा रांगेचा प्रश्न कुठे होता? एकत्र कुटुंबाचं उन्हाळ्यातलं बिल पाच हजारांच्या वर सहज जातं. चेक नाही, कार्ड नाही, फोनवर बँक नाही अशा घराने काय करायचं? शेजारच्या पोराला पैसे देऊन त्याच्या फोनवरून भरायचं, आणि तो दहा-वीस रुपये मागेल ते द्यायचे.

"जग कॅशलेस होतंय आणि तुम्ही स्लिपचं काय धरून बसलात" हा टोमणा मला नेहमी ऐकावा लागतो. जग काय करतंय ते सांगतो. रोख जवळजवळ वापरातून गेलेल्या स्वीडनने जानेवारी २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोख सेवा पुरवायचं कायदेशीर बंधन घातलं. रोख नाकारणारी दुकानं वाढली, तेव्हा न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२० पासून दुकानांना आणि हॉटेलांना रोख नाकारायला मनाई केली. ब्रिटनमध्ये शाखा धडाधड बंद होऊ लागल्यावर सप्टेंबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले. एखाद्या भागात रोखीची सोय कमी पडते का, हे तिथल्या मोठ्या बँकांना आता तपासावं लागतं आणि पडत असेल तर ती भरून काढावी लागते. हे देश आपल्या मागे नाहीत. ते पुढे गेले, तिथे कोण मागे राहिलं ते त्यांनी पाहिलं आणि दुरुस्ती केली. आपल्याकडे तर रोख कमी झालेलीच नाही. नोटाबंदीच्या आधी चलनात साधारण १७.७ लाख कोटींच्या नोटा होत्या, मार्च २०२४ मध्ये ३४ लाख कोटींहून जास्त. त्याच २०२४ मध्ये यूपीआयवर १७ हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. आपली माणसं दोन्ही वापरतात, आणि कुठे काय वापरायचं हे त्यांना बरोबर कळतं.

कार्डाशिवाय जगणाऱ्यांचा आणखी एक जुना आधार आहे, पिग्मी. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने दारोदार जाऊन रोजचे दोन-चार आणे गोळा करायला सुरुवात केली, तेव्हापासूनची ही रीत. आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती घराघरात नेली. संध्याकाळी एजंट येतो, टपरीवाला पन्नास रुपये देतो, हातातलं यंत्र चिठ्ठी काढून देतं. बचत म्हणून उत्तम. फक्त बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दोन्हींच्या दारावरच्या पाट्या कधीकधी फार सारख्या दिसतात.

मग हवंय तरी काय? फार काही नाही. किमान रकमेच्या पाट्या उतरवाव्यात. लातूरहून पुण्याला कामाला आलेल्या माणसाला त्याच्याच बँकेच्या पुण्यातल्या शाखेत, आधार आणि ओटीपी पडताळून, स्लिपवर पैसे मिळावेत. आज पुष्कळ ठिकाणी 'मूळ शाखेत जा' म्हणून परत पाठवतात. सगळ्या बँका संगणकाने जोडल्याला वर्षं लोटली, तरी स्लिप मात्र गाव सोडायला तयार नाही. कार्डाशिवाय यूपीआय सुरू करून द्यायची जबाबदारी शाखेची असावी. अंगठ्याने पैसे काढायची सोय ज्याला हवी त्यानेच मागून घ्यावी, बाकीच्यांच्या खात्यावर ती बंद असावी, आणि केंद्राच्या टेबलावर 'ग्राहकाकडून शुल्क नाही' हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं. हप्त्याच्या आठवड्यात एक जादा कॅशियर बसवला तरी निम्मी भांडणं मिटतील.

तोवर आहेत ते नियम तरी वापरू या. शून्य शिल्लक खात्यातून महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच रोख देण्याची सोय बँकांनी करावी, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सांगितलेलं आहे. शाखेत जाऊन लेखी मागावी. नको असलेल्या कार्डाचे कात्रीने तुकडे करून ते अर्जाला जोडावेत. अर्जात तीनच ओळी पुरतात: मला डेबिट कार्ड नको, ते बंद करावं, यापुढे त्याचं शुल्क माझ्या खात्यातून कापू नये. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घ्यावी. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पोस्टाची पावती जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. तिला फी लागत नाही.